'पुनर्वसन' नको, मग काय? घरी वापस जायच्या हक्काला शब्द पाहिजे

बोस्नियावरचा एक लेख मराठीत करायलेय. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या 1995 च्या डेटन कराराच्या जोडपत्र 7 मध्ये युद्धात पळालेल्यांना त्यांच्या मूळ घरी जायचा अन् ते घर परत मिळायचा हक्क दिलाय, घर देताच येत नसेल तर भरपाई. याला सगळे 'पुनर्वसन' लिहितात ते मला अजिबात पटत नाही. पुनर्वसन म्हणलं की आपल्याकडं जायकवाडी नाहीतर 1993 चं किल्लारी डोळ्यापुढं येतं, म्हणजे गावच उठून दुसरीकडं बसलं, अन् इथं तर माणूस त्याच उंबऱ्यावर निघालाय.

जाण्याचे शब्द ढीगभर आहेत. परागंदा हा फारसीतून आलेला, मूळ अर्थ विखुरलेला, आजी रझाकारीचं सांगताना 'परांगदा झालो' म्हणायची. निर्वासित म्हणलं की निदान कुणीतरी हाकललंय हे कळतं. निष्क्रांत मात्र मला टोचतो, फाळणीत पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेसाठीच्या 1950 च्या निष्क्रांत मालमत्ता कायद्यातला, जसं काही माणूस आपणहून उठून गेला, आणि हा शिक्का बसला की घर कस्टोडियनकडं, म्हणजे सरकारी रखवालदाराकडं. वापस येणाऱ्याला मात्र एक शब्द सापडत नाही.

—

ताई, 'ताबा' घ्या की. मालकी कागदावर असते, ताबा जमिनीवर. 1948 च्या हैदराबादच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसेचा सुंदरलाल समितीनं फिरून अहवाल दिला, त्यात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद अन् नांदेड आहे. आमच्या गावात एका रानाला अजून 'मनियाराचं' म्हणतात. सातबाऱ्यावर त्या नावाचं कुणी नाही, विहिरीच्या थारोळ्यातल्या एका दगडावर उर्दूत नाव कोरलेलं आहे, पाणी ओतलं की अक्षरं दिसतात, तेवढंच. त्यांची माणसं एकदा येऊन बांधावर उभी राहून गेली, कुणी बस म्हणलं नाही. मालकी, ताबा दोन्ही गेलं, नाव राहिलं.

—

दादा, हे वाचून लई वेळ काही लिहवलं नाही.

पण ताब्यात अडचण अशी, की तो घुसून बसलेल्याचाही असतो. बोस्नियात नेमकं तेच होतं, पळालेल्यांच्या घरात दुसरीकडून पळून आलेली कुटुंबं राहत होती, त्यांना उठवून किल्ल्या द्यायला वर्षं गेली, अर्ज दोन लाखांवर होते. अन् त्यातले कितीतरी फ्लॅट सरकारी किंवा कंपन्यांचे, राहणाऱ्याकडं मालकी नव्हतीच, राहायचा पक्का हक्क तेवढा होता, म्हणजे 'मालमत्ता परत' लिहिलं तर ही माणसं शब्दातूनच बाहेर पडतात.

मला आता 'वहिवाट' बरा वाटायला लागलाय. आपल्या 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्यात तो आहेच, मालक नसला तरी कसणाऱ्याचा हक्क असतो हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. 'वहिवाट वापस मिळण्याचा हक्क' असं लिहायलेय. 'वापस'ला पुण्याकडचे हिंदी म्हणतील, म्हणू द्या, आपल्या घरात तोच बोलतात.