केबल ओढली तर काही नाही, नंतर प्रोग्राम बंद केला की ऊप्स (यूएसबी ड्रायव्हर)

रात्रपाळी
मंडळी, वर्कशॉपमध्ये तापमान नोंदवणारं एक यूएसबीचं खोकं आहे, त्यासाठी मी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिलाय, म्हणजे कर्नलमधलाच (लिनक्सच्या गाभ्यातला) यूएसबी स्केलेटन, म्हणजे नमुना ड्रायव्हर, समोर ठेवून बराचसा उतरवलाय, फक्त त्यातला केरेफचा (मेमरी किती जण धरून आहेत ते मोजायचा) प्रकार मला तेव्हा डोक्यावरून गेला म्हणून तो काढला आणि मेमरी डेव्हएम_केझॅलॉकने घेतली, म्हटलं आपोआप सुटेल, कटकट नको. आता होतंय असं की केबल ओढली तर सगळं शांत, लॉगमध्ये डिस्कनेक्टची एक ओळ आणि बास. पण त्यावेळी वाचणारा प्रोग्राम चालू असेल आणि मी चहा पिऊन येऊन कंट्रोल-सी दाबलं की ऊप्स, म्हणजे कर्नलचा क्रॅश! तेही दरवेळी नाही. प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारे कॉल) टाकले की तर येतच नाही. शेवटी बूट लाईनवर स्लब डीबग (कर्नलच्या मेमरीची तपासणी) चालू केलं तेव्हा एका रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी असं दिसलं. हे काय लफडंय?

खिळेमोळे
६बी हा फ्री केलेल्या मेमरीत कर्नलने मुद्दाम भरलेला बाइट आहे, म्हणजे तुम्ही मेलेल्या स्ट्रक्चरमधून पॉइंटर उचलताय. चोर डेव्हएमच. ती मेमरी ड्रायव्हर इंटरफेसपासून सुटला की जाते, डिस्कनेक्ट फंक्शन परत आलं रे आलं की गेली, कुणी फाईल उघडी धरून बसलंय का हे ती बघतच नाही. तुमचा प्रोग्राम रीडमध्ये झोपलेला, कंट्रोल-सीने उठतो आणि आधी त्याच स्ट्रक्चरमधल्या वेटक्यूला (झोपलेल्यांच्या रांगेला) हात लावतो. म्हणून केबल ओढताना काही होत नाही.
केरेफ परत आणा. प्रोबमध्ये (डिव्हाइस लागल्यावर चालतं ते फंक्शन) एक, प्रत्येक ओपनला एक, रिलीजला सोडा, डिस्कनेक्टला सोडा, शेवटचा जो सोडेल तो केफ्री करेल, म्हणजे मेमरी मोकळी करेल. आणि जमलं तर कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं हत्यार) चालू करून कर्नल बांधा, रॅमचा आठवा हिस्सा खातं आणि मशीन रेंगाळतं पण कुणी वापरलं, कुणी घेतली, कुणी सोडली अशी तिन्ही स्टॅक ट्रेस समोर मांडतं, मग प्रिंटकेवर रात्री घालवायला लागत नाहीत.

रात्रपाळी
दादा, केरेफ लावला, ऊप्स गेला, पण आता नवीनच! केबल ओढली की डिस्कनेक्ट अडकतं, थोड्या वेळाने लॉगमध्ये १२० सेकंदांपेक्षा जास्त ब्लॉक्ड असं येतं आणि त्याच हबला पेनड्राइव्ह लावला तर तोही ओळखत नाही. डिस्कनेक्टमध्ये म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) घेतो, गॉन फ्लॅग (डिव्हाइस गेलं ही खूण) लावतो, कॅन्सल_वर्क_सिंक करतो (मागे चालणारं काम, म्हणजे वर्क, रद्द करून ते संपेपर्यंत थांबतो), म्यूटेक्स सोडतो. यात चुकीचं काय आहे तेच कळेना.

खिळेमोळे
वर्क फंक्शनमध्ये तोच म्यूटेक्स घेताय ना? मग झालं. डिस्कनेक्ट म्हणतं वर्क संपल्याशिवाय हलणार नाही, वर्क म्हणतं म्यूटेक्स मिळाल्याशिवाय संपणार नाही. आणि डिस्कनेक्ट त्या हबच्याच कामाच्या धाग्यात चालतं म्हणून पेनड्राइव्हपण लटकला. फ्लॅग लावला की म्यूटेक्स लगेच सोडा. मग यूआरबी (यूएसबीवरची डेटाची विनंती) पॉयझन करा, नुसतं किल नको, कारण किल केल्यावर वर्क तीच यूआरबी पुन्हा सबमिट करायला जाऊ शकतं, पॉयझन केलेली घेतलीच जात नाही. त्यानंतर कॅन्सल_वर्क_सिंक, हा क्रम उलटा करू नका, शेवटचं कम्प्लीशन (यूआरबी संपल्यावर चालणारं फंक्शन) पुन्हा वर्क लावून जातं. मग झोपलेल्यांना वेक_अप, आणि सगळ्यात शेवटी केरेफ सोडा. रीडच्या वेटच्या अटीत गॉन फ्लॅग असलाच पाहिजे, नाहीतर उठतील आणि परत झोपतील. उठल्यावर ईनोडेव्ह (डिव्हाइसच नाही, ही एरर) द्या.
लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची तपासणी) चालू असतं तर डिस्कनेक्ट एकदा चालल्यावर, प्रत्यक्ष अडकलं नसतं तरी, हे बहुतेक कळलं असतं, असो.

तांब्याची_तार
मधे बोलतो. टेस्ट कशी करताय? सिसएफएसमधल्या अनबाइंड फाईलमध्ये (तिथे लिहिलं की केबल न ओढता ड्रायव्हर सुटतो) लिहून लूप लावणं सोपं आहे, मी रात्रभर असा लूप लावून सकाळी खूश झालो होतो आणि दहा वाजता हाताने केबल ओढल्यावर मशीन गेलं. अनबाइंडमध्ये डिव्हाइस जिवंत असतं, त्याला कंट्रोल मेसेज पाठवला तर उत्तर येतं, खरी केबल ओढली की तिथे एररच येते आणि माझा एररचा रस्ता कधी चाललाच नव्हता. पोर्टची पॉवर बंद करता येणारा हब मिळाला तर बघा.
आणि अजून एक, यूएसबी_डीरजिस्टर_डेव्ह (डिव्हाइसची नोंद काढणारा कॉल) म्यूटेक्सच्या आत नाही ना ठेवलंय? यूएसबी कोअर ओपनच्या वेळी स्वतःचं मायनरचं (डिव्हाइस नंबरांचं) लॉक धरून तुमच्या ओपनमध्ये येतो, तिथे तुम्ही म्यूटेक्स मागता, इकडे डिस्कनेक्ट म्यूटेक्स धरून तेच लॉक मागतं. रोज नाही होणार, पण बरोबर डेमोच्या दिवशी होईल.

रात्रपाळी
आतच आहे 😐 बाहेर काढतो. पॉयझनवाला क्रम लावला, हाताने पंचवीसेक वेळा ओढली, प्रोग्रामला ईनोडेव्ह मिळतो आणि तो गुपचूप बंद होतो. सॉकेट मात्र ढिलं झालं.