भांडण नाही, पण वेगळं व्हायचंय. आधी कोर्ट की आधी फ्लॅट?

चंदगडची_लेक

नमस्कार. मी बेळगावात अनगोळला भाड्यानं राहते, उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेब बघते. माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, लग्न तिकडंच झालं, २०१४ ला. सासर येळ्ळूर. २०२३ च्या दिवाळीपासून आम्ही नवरा-बायको वेगळे राहतोय, म्हणजे पावणेदोन वर्षं झाली. मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरं कोण नाही. जमलं नाही, एवढंच. मुलीला शाळेतून आणायला अजून तोच जातो आणि सासूबाई त्याच्या डब्यातून मला लोणचं पाठवतात. लोकांना हेच कळत नाही, "मग सोडताय कशाला?" म्हणतात.

आमचं ठरलंय ते असं. वडगावचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्जालाही दोघांच्या सह्या आहेत, १४ लाख फेडायचे बाकी. फ्लॅट तो ठेवणार, मला ९ लाख देणार. घेताना सुरुवातीचे पैसे भरायला माझं आठ तोळे सोनं मोडलं होतं, ते धरून हा आकडा काढलाय. मुलगी आठ वर्षांची, माझ्याकडं राहणार, तिच्यासाठी महिना ८ हजार.

आता घोळ. मामा म्हणतात, शंभराच्या बाँडवर पंचांसमोर काडीमोड लिहून घ्या, वकिलाच्या खिशात कशाला घालताय? नवरा म्हणतो, आधी कोर्टाचा निकाल होऊ दे, फ्लॅटचं मग निवांत बघू. आणि मला कळत नाही की कोर्ट चंदगडकडचं धरायचं की बेळगावचं. कन्नड मी बोलते, पण वाचायचं म्हटलं तर बसच्या पाट्यांपुरतं. कुणी यातनं गेलंय का?

कोर्टआवारातला

ताई, मामांना नमस्कार सांगा आणि बाँड त्यांच्याकडंच ठेवायला सांगा. तुमच्यासारख्या साध्या हिंदू लग्नात नोटरीच्या कागदानं घटस्फोट होत नाही. जातीत तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी, पण त्या भानगडीत पडायचं कारणच काय? उद्या तुम्ही किंवा तो दुसरं लग्न करायला गेला की हाच बाँड गळ्याशी येतो. माझी सगळी नोकरी कोर्टात टेबलाच्या आतल्या बाजूला गेली, असे कागद घेऊन रडत आलेले पुष्कळ बघितले.

तुमचा रस्ता हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब, परस्पर संमतीचा अर्ज. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते झालंय. अर्ज दोघांनी मिळून करायचा, पहिले जबाब होतात, मग सहा महिने थांबून दुसऱ्यांदा जबाब आणि निकाल. पहिला अर्ज घातल्यापासून अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा उभं राहायचं. हे सहा महिने माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ ला अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलंय. तुमचं दीड वर्ष अर्ज घालायच्या आधीच भरलंय, पैसा आणि मुलगी दोन्हीचं ठरलंय, तेव्हा माफीचा अर्ज जरूर घाला. मिळेलच असं नाही, ते न्यायाधीशांच्या हातात. "परत एकत्र येता का" हे ते विचारणारच. कायद्यानं विचारावंच लागतं, तेव्हा राग मानू नका.

कोर्ट तुम्हाला निवडता येतं. लग्न जिथं झालं, शेवटचे जिथं एकत्र राहिलात, किंवा बायको आता जिथं राहते, यातलं कुठलंही चालतं. मी म्हणेन बेळगावचं फॅमिली कोर्टच धरा. दोघं इथंच आहात, प्रत्येक तारखेला चंदगडची फेरी कशाला? अर्ज इंग्रजीत करता येतो. कन्नडमधला कुठलाही कागद पुढं आला तर सही करायच्या आधी वाचून आणि अर्थ सांगून मागा, लाजायचं नाही. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणि एक. निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतो. म्हणून ९ लाखांचा निम्मा भाग पहिल्या जबाबाच्या वेळी आणि निम्मा दुसऱ्या वेळी कोर्टासमोर डीडीनं, असं अर्जातच लिहा. रोख अजिबात नको. दोन लाख किंवा त्यावर रोख घेतलेत तर दंड घेणाऱ्यालाच बसतो.

परत_शहापूर

तुझ्या नवऱ्याचं "मग निवांत बघू" वाचलं आणि पोटात गोळा आला. आमचंही असंच गोडीत झालं होतं. निकालात स्पष्ट लिहिलेलं, घर त्याचं, हप्ते त्याचे. मी निकालाची प्रत फाईलला लावून मोकळी झाले. दोन वर्षांनी बँकेचा फोन मला, तीन हप्ते थकलेत म्हणून. मी निकाल दाखवला. साहेब म्हणाला, मॅडम, हे तुमच्या दोघांतलं झालं, आमच्या कागदावर तुम्ही कर्जदार आहात. आणि तो बरोबरच बोलत होता! माझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, खाली गेला, स्कूटीचं कर्जसुद्धा नाकारलं.

म्हणून आधी बँक. त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतंय का ते विचारा. बसत नसेल तर दुसरा सहकर्जदार आणायला सांगतील. तुझं नाव काढल्याचं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय दुसऱ्या जबाबाला उभी राहू नकोस. तुझ्या वाट्याचं हक्कसोडपत्रही निकालाच्या आधीच सब-रजिस्ट्रारकडं नोंदव. नवरा-बायको असेपर्यंत तुम्ही कुटुंब, मुद्रांकात सवलत मिळते. निकालानंतर कायद्याच्या लेखी परके. आणि ते ९ लाख म्हणजे पोटगी की फ्लॅटमधल्या वाट्याची किंमत, हे शब्द सीएला विचारून लिही. एकरकमी पोटगीवर सहसा कर लागत नाही, पण वाटा विकल्यासारखं लिहिलं तर हिशेब बदलतो. तू स्वतःच हिशेबाची माणूस, तुला काय सांगू.

८ हजारांत दरवर्षी वाढ किती तेही घाल. माझ्या मुलाचे ५ हजार अजून ५ हजारच आहेत, शाळेची फी मात्र थांबत नाही.

कोर्टआवारातला

वरच्या बाईंचं सोळा आणे खरं. त्यात भर एवढीच की "यापुढं काही मागणार नाही" हे वाक्य अर्जात वकील सवयीनं घालतात. ते तुमच्यापुरतं चालेल. मुलीचा पोषणाचा हक्क आईबाप सोडून देऊ शकत नाहीत. येळ्ळूरला वडिलोपार्जित भातशेती असेल तर त्यातही तिचा वाटा जन्मानंच आहे, तुमचं लग्न राहो न राहो. मुलींना हा हक्क कर्नाटकानं १९९४ लाच दिला, देशभर तो २००५ ला आला. ही गोष्ट इकडच्या आमच्या भाऊबंदांना मुद्दाम सांगावी लागते.

निपाणीकर

रेशन कार्ड विसरू नका. सासरच्या कार्डातनं नाव कमी झाल्याशिवाय नवीन होत नाही. स्वतःचं कार्ड झालं की कुटुंबप्रमुख तुम्ही, मग कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या महिना २ हजारांसाठी अर्ज करता येतो. पीएफ, एलआयसीचं नॉमिनेशनही बघा. घटस्फोट झाला म्हणून ते आपोआप बदलत नाही.

चंदगडची_लेक

सगळ्यांचे आभार. रात्री त्याला हे सगळं वाचायला दिलं. आधी गप्प बसला, मग म्हणाला, "बरं, बँकच आधी." त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसणार नाही असं दिसतंय. धाकटा दीर सहकर्जदार व्हायला तयार आहे, पण जाऊबाई तयार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही झाले नसते. सोमवारी दोघं मिळून बँकेत जाणार, हक्कसोडचा मसुदा त्यानंतर.

मामांना अजून सांगितलेलं नाही. त्याहून अवघड रेशन कार्डाचं आहे. गृहलक्ष्मीचे पैसे सासूबाईंच्याच खात्यावर येतात, माझं नाव काढलं तरी त्यांचं काही कमी होणार नाही, हे मला माहीत आहे. पण "कार्डातनं नाव काढायचंय" म्हटलं की त्या रडणार. ते त्यालाच सांगायला लावते.