मदत हवी आहे: 'स्टार ट्रेक'चे जुने भाग एकत्र बघताना प्रती जुळत नाहीत

ध्रुवमत्स्य

१९६६ ते १९६९ ची मूळ 'स्टार ट्रेक' आम्ही सहा जण आपापल्या घरून, पण एकाच वेळी पुन्हा बघतोय. सगळे सिंकप्ले (सगळ्यांचे प्लेअर एकाच वेळेवर ठेवणारा प्रोग्राम) वापरतात, बोलणं वेगळ्या व्हॉइस कॉलवर चालतं. प्रती अशा: तिघांकडे ब्ल्यू-रे, एकाकडे अमेरिकी डीव्हीडी, एकाकडे युरोपातली पाल (तिथली टीव्ही पद्धत) डीव्हीडी, आणि एकाकडे टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या फितीची फाइल.

अडचणी तीन.

१) पालवाल्याला सगळं आधी दिसतं. सुरुवातीला फरक जाणवत नाही, शेवटाकडे तो मिनिटाच्या पुढे असतो. सिंकप्ले मात्र सगळे एकाच सेकंदावर असल्याचं सांगतं. एका भागातल्या दोन ठळक खुणांच्या वेळा देतो. ब्ल्यू-रेवर ३:१२ आणि ४६:३७, पालवर ३:११ आणि ४४:४९.

२) फितीची प्रत मध्येच उडी मारल्यासारखी पुढे जाते.

३) भागांचा क्रम कोणता धरायचा? दोन संचांत दोन क्रम आहेत आणि त्यावरून रोज वाद होतो.

अर्धीचौकट

खुणांच्या वेळा दिल्यात हे उत्तम, नाहीतर लोक फाइलची एकूण लांबी सांगतात. ती फसवी असते, कारण सुरुवातीचे लोगो आणि शेवटच्या सूचना प्रत्येक डिस्कवर वेगळ्या असतात. दोन खुणांमधलं अंतरच धरायचं.

ब्ल्यू-रेवर ते ४३:२५, म्हणजे २६०५ सेकंद. पालवर ४१:३८, म्हणजे २४९८. भागाकार ०.९५९ येतो. हा आकडा दिसला की दुसरं काही शोधायला नको. मालिका ३५ मिमी फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित झाली आहे. पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम लागतात, म्हणून तीच फिल्म जवळपास चार टक्के वेगाने पळवली जाते. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो आणि आवाजही साधारण पाऊण अर्धस्वर चढतो. ब्ल्यू-रे आणि अमेरिकी डीव्हीडी दोन्ही सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या हिशोबाने चालतात, त्यामुळे त्या चौघांचं आपसात जुळतं.

सिंकप्ले फक्त घड्याळ बघतं, चित्र नाही. सगळे ३०:०० वर असताना पालवाला कथेत ब्ल्यू-रेच्या ३१:१० ला पोचलेला असतो.

फिरकी_चाळीस

मग त्याने प्लेअरचा वेग ०.९५९ करावा की! एमपीव्ही या प्लेअरमध्ये एका ओळीचं काम आहे.

अर्धीचौकट

सिंकप्ले चालू असताना हे करू नका. त्याचा वेग कमी केला की त्याचं घड्याळ इतरांच्या मागे पडतं. सिंकप्लेला वाटतं बाकीचे पुढे पळताहेत. मग ते बाकीच्यांना हळू करतं आणि अंतर फार वाढलं तर त्यांना मागे नेतं. म्हणजे एकाच्या प्रतीपायी पाच जणांचा भाग अडखळतो.

त्याने सिंकप्लेत न येता कॉलवर 'तीन, दोन, एक' म्हणून सुरू करायचं असेल तर तुमचा उपाय चालेल. फक्त एमपीव्हीतलं पिच करेक्शन (वेग बदलला तरी आवाजाची पट्टी तीच ठेवणारी सोय) बंद ठेवायचं. ते मुळात चालू असतं, त्यामुळे वेग उतरतो पण चढलेला आवाज तसाच राहतो.

कायमचा उपाय म्हणजे फाइलच ताणणं:

१. मेकएमकेव्हीने डिस्कवरून एमकेव्ही फाइल काढा. पुन्हा एन्कोड करू नका, गरजच नाही.

२. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये त्या फाइलचा आवाज उघडा (त्यासाठी एफएफएमपेग लायब्ररी बसवलेली हवी). मोनो किंवा स्टिरिओ ट्रॅक असेल तर तोच घ्या, ५.१ (सहा चॅनेलच्या) आवाजाच्या भानगडीत पडू नका. 'चेंज स्पीड' इफेक्टमध्ये टक्केवारीच्या रकान्यात उणे ४.०९६ टाका. वेगाबरोबर आवाजाची पट्टीही मूळ जागी येते. फ्लॅक या आवाजाच्या फाइल प्रकारात साठवा.

३. एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही फाइल जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये मूळ फाइल उघडून जुना आवाज काढून टाका आणि नवा फ्लॅक जोडा. चित्राच्या ट्रॅकला 'स्ट्रेच बाय' मध्ये २५०२५/२४००० द्या. सबटायटलच्या ट्रॅकलाही तेच. फ्लॅकला काही देऊ नका, तो आधीच ताणलेला आहे. बहुतेकांची गडबड इथेच होते. दोनदा ताणला की ओठ आणि आवाज यांची फारकत झालीच.

स्ट्रेचचा आकडा जुन्याच आवाजाला लावून काम भागेल असंही वाटतं, पण भागत नाही. त्याने फक्त वेळेचे शिक्के बदलतात, आवाजाचे नमुने तेवढेच राहतात. परिणामी आवाज तुटक येतो.

काही पाल डिस्कवर आवाजाची पट्टी आधीच खाली आणलेली असते. शीर्षकसंगीत ब्ल्यू-रेशी ताडून बघा. स्वर जुळत असेल तर 'चेंज स्पीड' ऐवजी 'चेंज टेम्पो' वापरा, आकडा तोच.

आणि हो, हा सगळा खटाटोप प्रत्येकाने आपापल्या डिस्कवर करायचा. फाइल एकमेकांना पाठवायचा सल्ला इथे कुणी देऊ नये.

फीतवेडा

दुसऱ्या अडचणीचं बघू. फितीच्या प्रतीत खुणा एकाच अंकातल्या घ्या, मध्ये जाहिरातीची जागा येऊ देऊ नका. या मालिकेच्या भागांची रचना पक्की आहे: शीर्षकाआधीचा छोटा प्रसंग आणि मग चार अंक. प्रत्येक अंक काळ्या पडद्यावर संपतो. अंकाच्या आत गुणोत्तर स्थिर येतं आणि अंक बदलला की फरक उडी मारून वाढतो, असं दिसलं तर प्रसंगच कापलेले आहेत. पुनःप्रसारणात जाहिरातींना जागा करण्यासाठी जुन्या अमेरिकी मालिकांची अशी कापाकापी सर्रास होई. हल्लीच्या तासाभराच्या मालिकेचा ऐवज ४२-४४ मिनिटांचा असतो, या मालिकेचा ५० च्या आसपास. तो फरक कुठून तरी कापल्याशिवाय भरून निघत नाही.

यावर तांत्रिक उपाय नाही. जे फितीत नाही ते आणणार कुठून? त्या सदस्याला दुसरी प्रत मिळेपर्यंत सिंकप्लेबाहेर ठेवा आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी सगळ्यांनी थांबा. नाहीतरी गप्पा मारायला तीच जागा बरी, संवादावर बोललं तर कुणालाच काही ऐकू येत नाही.

ब्ल्यू-रेवाल्यांनी एक ठरवून घ्या. २००६ पासून या मालिकेची नव्या संगणकीय दृश्यांची आवृत्ती आली, आणि ब्ल्यू-रेवर नवी-जुनी दोन्ही दृश्यं आहेत, अँगल बदलून निवडता येतात. लांबी सारखीच असल्यामुळे सिंक बिघडत नाही. पण यानाच्या दृश्यावर चर्चा रंगली आणि निम्मे लोक वेगळंच यान बघताहेत, असं व्हायला नको. डीव्हीडीवाल्यांनी पेटीवर आवृत्ती तपासावी. जुनी दृश्यं असतील तर सगळ्यांनी जुनीच लावावीत. माझा कौल तसाही जुन्यालाच.

क्रमवारीकर

क्रमाचा वाद दोन याद्यांचा आहे, प्रसारणाचा आणि निर्मितीचा. ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर पहिल्यांदा 'द मॅन ट्रॅप' लागला, पण निर्मितीत त्याचा क्रमांक सहा. 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' हा दुसरा पायलट (मालिका मंजूर होण्याआधीचा चाचणी भाग) निर्मितीत दोन नंबरचा, लागला मात्र तिसरा. 'द कॉर्बोमाइट मनूव्हर' निर्मितीत तिसरा असून थेट नोव्हेंबरमध्ये, दहाव्या क्रमांकावर आला. त्यातल्या दृश्यपरिणामांना वेळ लागला होता.

प्रसारणक्रमाने बघितलं तर पहिल्या दोन भागांत डॉक्टर मकॉय, तिसऱ्यात अचानक दुसराच डॉक्टर आणि वेगळे गणवेश, चौथ्यात पुन्हा मकॉय. 'कॉर्बोमाइट'मध्ये यानावरची संपर्क अधिकारी उहुरा एरवीच्या लाल ऐवजी सोनेरी गणवेशात दिसते तेही मग खटकतं. निर्मितीक्रमाने हे सगळं सरळ लागतं.

पुन्हा बघणाऱ्यांनी निर्मितीक्रमच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. गटात कुणी नवखं असेल तर 'द केज' हा पहिला पायलट सुरुवातीला लावू नका. त्याचा बराच भाग 'द मेनाजरी' या दोन भागांच्या कथेत वापरलेला आहे आणि तिथला उलगडा वाया जातो. तो सगळ्यात शेवटी. तो धरून भाग ८०, एरवी ७९.

ध्रुवमत्स्य

पालची फाइल ताणून झाली, आवाज जुळतोय. आता त्याच खुणा ३:१९ आणि ४६:४४ वर येतात. अजून सात सेकंदांचा फरक आहे. आकडा चुकला का?

अर्धीचौकट

आकडा बरोबर आहे. दोन्ही खुणांना फरक सातच सेकंद आहे, वाढत नाही, म्हणजे वेग जुळला. उरलेले सात सेकंद त्या डिस्कच्या सुरुवातीच्या लोगोचे. त्यासाठी फाइलला पुन्हा हात लावू नका. त्याच्या सिंकप्लेत 'ॲडव्हान्स्ड' मेनूत 'सेट ऑफसेट' आहे, तिथे सात सेकंद द्या. फरक चौदा झाला तर चिन्ह उलटं पडलंय, बदला.

लोगो प्रत्येक भागाला असेलच असं नाही, तेव्हा भाग सुरू करण्याआधी पहिली खूण एकदा ताडून घ्या. आणि त्याच्या प्लेअरमधलं डीइंटरलेस (अर्ध्या-अर्ध्या रेघांचं चित्र एकसंध करणारी सोय) बंद ठेवायला सांगा (एमपीव्हीत 'डी' ही कळ). पाल डिस्कवर फिल्मच्या फ्रेम बहुधा अखंड असतात, ते चालू ठेवलं तर चित्र विनाकारण मऊ पडतं. अमेरिकी डीव्हीडीवर हलत्या दृश्यात कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर मात्र त्या सदस्याने ते चालू करून बघावं.