'द्वीपसमूह' की नुसते 'खडक'?

प्रश्न : ब्राझीलच्या साओ पेद्रो आणि साओ पाउलोवर लिहितो आहे. विषुववृत्ताच्या जरासं उत्तरेला, भर अटलांटिकमध्ये, मुख्य भूमीपासून सुमारे १००० किलोमीटरवर दहापंधरा खडक. सगळे मिळून दोन हेक्टरही भरत नाहीत, सर्वांत उंच टोक जेमतेम १८ मीटर. 'द्वीपसमूह' म्हटलं की अंदमान डोळ्यांपुढे येतं. दुसरा शब्द?

– 'बेटांचा पुंजका' चालेल. बेटाला आकाराची अट कुठे आहे? बांबूचंही बेट असतं. आणि द्वीप म्हणजे द्वि + अप्, दोन्हीकडे पाणी. त्या हिशेबाने नदीतला धोंडाही द्वीपच.

– बेट म्हटलं की माती नि झाडझाडोरा आला. इथे गोडं पाणीसुद्धा नाही. १८३२ मध्ये डार्विन उतरला तेव्हा त्याला साधं दगडफूलही दिसलं नाही. होती ती पक्ष्यांच्या विष्ठेची पांढरी पुटं. मी 'कातळ' म्हणेन. खडक सुटाही असतो, कातळ खालपर्यंत गेलेला. हा तर फारच खालून आलाय : लाव्हा नव्हे, पृथ्वीच्या प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या थरातला, पेरिडोटाइट खडक वर उचलला गेलाय. डार्विनलाही हा खडक ज्वालामुखीचा वाटला नव्हता.

– कातळ छान, पण नावात घालू नका. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराचं १२१ वं कलम पाहा. ज्या खडकावर मनुष्यवस्ती किंवा स्वतःचं अर्थजीवन टिकू शकत नाही, त्याला २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र मिळत नाही. ब्राझीलमध्ये पूर्वी यांना 'पेनेदोस', म्हणजे खडकच, म्हणत. आता अधिकृत नावात 'आर्किपेलागो', म्हणजे द्वीपसमूह, आहे. १९९८ पासून तिथे संशोधन केंद्र चालतं, चार-चार जणांची तुकडी पंधरा दिवसांनी बदलते. हा सगळा खटाटोप मासळीसाठी नि समुद्रावरच्या हक्कासाठी. तुम्ही 'खडक' लिहिलंत तर नकळत एक बाजू घेतलीत!

– गंमत म्हणजे 'आर्किपेलागो'च्या ग्रीक मुळात बेट नाहीच. 'मुख्य समुद्र' एवढाच अर्थ, ग्रीसजवळच्या एजियन समुद्रासाठी वापरलेला. बेटं मोजतो तो आपला द्वीपसमूह.

प्रश्नकर्ता : मग नावात द्वीपसमूह, वर्णनात कातळ. पण त्यातल्या सर्वांत मोठ्या बेल्मोंतेला काय म्हणू?

– केंद्र आणि दीपगृह त्याच्यावरच आहे ना? मग त्याला बेट म्हणा. बाकीचे कातळ राहू देत.