ड्राय फ्लाय पाण्यावर कलंडते, घरच्या कोंबड्याचं पीस चालेल का?

कर्लीकाठ (कुडाळ)
मंडळी, लहानपणापासून खाडीत गरी टाकतोय, तांबोशी नि शिंगाळा हे माझे नेहमीचे मासे. एप्रिलात मात्र हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट गरवायला जायचं ठरलंय आणि फ्लाय (गरीवर पिसं-दोरा बांधून केलेले नकली किडे) स्वतः बांधलेल्याच न्यायच्या आहेत. १४ नंबरच्या गरीवर ॲडम्स नावाची ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, बांधतोय. बादलीत टाकली की क्षणभर उभी राहते, मग कुशीवर कलंडते आणि भिजून खाली जाते. पिसं घरच्या कोंबड्याची आहेत, सात-आठ महिन्यांचा असेल. बाहेरून महाग पिसं मागवावीच लागतील का? तरंगायला खोबरेल लावलं तर? आणि कॅडिस या पाणकिड्याच्या नकलेच्या पंखांसाठी शेजारचे काका जुन्या भेकराच्या कातड्याचे केस देतो म्हणतायत, घेऊ का?

मालवणचो झिल
भेकराचे केस अजिबात घेव नको रे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यान तो गुन्हो आसा. कातडा जुना आसा म्हणान काय सुटका नाय. कॅडिसचे पंख दोन मिलिमीटरच्या फोमचे कर, मस्त तरंगतत.

गडनदी (कणकवली)
पिसं मागवण्याआधी कोंबडा बदला. सात-आठ महिन्यांच्या कोंबड्याचं पीस मऊ असतं, मुळाशी कापसासारखी लव असते आणि तीच पाणी पिते. दीड-दोन वर्षांचा गावठी कोंबडा बघा, पिसं मानेवरची घ्या, पाठीवरची नकोत. पीस वाकवलं की तंतू फाकतात. ते ओठाला लावून बघा. टोचले पाहिजेत. ब्रॉयलरच्या वाटेला जाऊच नका. ॲडम्सला एक तांबूस आणि एक आडव्या पट्ट्यांचं कबरं अशी दोन पिसं एकत्र गुंडाळायची असतात. कबरा कोंबडा आपल्याकडे वाडीवाडीत सापडतो.

कलंडण्याचं कारण मापात आहे. तंतूंची लांबी गरीच्या टोकापासून दांडीपर्यंतच्या अंतराच्या दीडपट हवी आणि शेपूट दांडीएवढी. शेपटीचे तंतूही कडकच घ्या, कारण फ्लायचा मागचा भार तेच पेलतात. पंखांच्या मागे तीन वेढे, पुढे दोन-तीन, आणि नेढ्याजवळ शेवटच्या गाठीला जागा सोडा. अंगावर लोकर कमीत कमी. लेन हॅलाडे यांनी १९२२ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये ही फ्लाय पहिल्यांदा बांधली तेव्हा अंग मस्करॅट नावाच्या पाणउंदराच्या राखाडी लवेचं होतं. आपण राखाडी ॲक्रेलिक लोकरीचा भुसा मेण लावलेल्या दोऱ्यावर चोळायचा. ही फ्लाय कुठल्याच एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही, त्यामुळे रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो. उभं राहणं मात्र चुकता कामा नये.

खोबरेल नको. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं, आणि तीर्थनचं पाणी बर्फाचं. तंतू एकमेकांना चिकटून गोळा होईल. सिलिकॉनचं फ्लोटंट, म्हणजे फ्लाय तरंगती ठेवणारं जेल, मिळतं, ते कणभर बोटावर चोळून फक्त पिसांना लावा. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलग्रंथीभोवती जी बारीक पिसं असतात, त्यांची फ्लाय बांधलीत तर तिला हे जेलसुद्धा लावू नका, ती पिसं मुळातच तरंगतात.

आणि आपल्या हवेत गऱ्या उघड्या ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, पिसांच्या डब्यात डांबरगोळ्या.

कर्लीकाठ
गडनदी, खूप आभार. भेकराचा विषय बंद. फोम आणतो. कबऱ्या कोंबड्यासाठी मामांकडे निरोप धाडलाय. तिथे फ्लाय टाकताना काय सांभाळू?

गडनदी
दोरी सैल सोडायची, हे सगळ्यांत आधी. खाडीत आपण दोरी ताणून धरतो, चावा हाताला कळावा म्हणून. इथे ताण आला की फ्लाय पाण्यावर ओरखडा काढत घसरते आणि ब्राउन ट्राउट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. प्रवाहात खाली उभे राहा, तिरकं वरच्या अंगाला टाका. शेजारून वाहणारं पान आणि तुमची फ्लाय एकाच वेगाने आली पाहिजेत. प्रवाह दोरीला पोट पाडायला लागला की रॉडच्या टोकाने दोरी उचलून वरच्या बाजूला ठेवा. लीडर, म्हणजे दोरीच्या पुढचा निमुळता दोरा, नऊ फुटी, टोकाला ५एक्स जाडीचा. तो जेमतेम ०.१५ मिलिमीटरचा असतो, म्हणून तांबोशीला देता तसा हिसका देऊ नका, रॉड नुसता उचला. याचा सराव आत्ताच गड नदीच्या निवळ पाण्यात करता येईल.

परवाना मत्स्य विभागाचा लागतो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटला बंदी असते, एप्रिलात अडचण नाही. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून न्या. आणि मासा परत सोडणार असाल तर हात ओले करूनच धरा, सुक्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

मालवणचो झिल
फोम दोन मिलिमीटरचोच घे, जाड घेतलंस तर गरीचा तोंड झाकून जाता.