‘ब्रेल भाषा’, ‘ब्रेल लिपी’ की ‘स्पर्शलिपी’?

प्रश्न : ठाण्यातील आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली असून सूचनाफलकाच्या मसुद्यात ‘बटणांवर ब्रेल भाषेत आकडे आहेत’ असे वाक्य आहे. समितीतील एका सदस्यांच्या मते ‘ब्रेल’ऐवजी ‘स्पर्शलिपी’ म्हणावे. आपण काय सुचवाल?

उत्तर : ‘भाषा’ हा शब्द आधी काढावा. लुई ब्रेल यांनी सहा ठिपक्यांची जी पद्धत बसवून १८२९ साली प्रसिद्ध केली, ती लिपी आहे. तिच्यात फ्रेंच लिहिता येते तसे मराठीही. भारतीय भाषांसाठी १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘क’चे ठिपके मराठीत आणि तमिळमध्ये एकच आहेत.

मात्र हे देवनागरीचे जसेच्या तसे रूपांतर नव्हे. ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, पण बोटांना ती ‘क’नंतर, स्वतंत्र चिन्ह म्हणून लागते. ‘ठाणे’ हा शब्दही ठ, आ, ण, ए अशा चार चिन्हांचा होतो, आणि गंमत अशी की ‘ण’चे ठिपके हेच अंक सुरू होत असल्याची खूण असल्यामुळे व ‘ए’चे ठिपके अंकांत ५ ठरत असल्यामुळे, त्यातले ‘णे’ सुटे वाचले तर ५ होते. मराठी शब्द सहसा ‘ण’ने सुरू होत नसल्याने घोटाळा टळतो. आपल्या लिफ्टच्या बटणावर अंकाची खूण दिलेली असेल, तर पाचव्या मजल्याला तेच ‘णे’ उमटलेले असणार!

पुरवणी : ‘स्पर्शलिपी’ चुकीचा नाही, पण व्यापक आहे. इंग्लंडमधील विल्यम मून यांची उठावाच्या रेषांची अक्षरे, जी उतारवयात दृष्टी गेलेल्यांना सोपी वाटत, तीही स्पर्शलिपीच. उलट १०० रुपयांच्या नोटेवरचा उठावाचा त्रिकोण किंवा ५०० च्या नोटेवरचे वर्तुळ यांना अनेक जण ‘ब्रेल’ म्हणतात, तरी ती लिपी नाही, नुसती खूण आहे. रेल्वे फलाटाच्या कडेच्या खडबडीत पिवळ्या फरशांचेही तसेच. लिफ्टमध्ये खरोखर ब्रेलचे ठिपके असतील, तर ‘ब्रेल लिपीत’ लिहावे. केवळ उंचावलेले नेहमीचे आकडे असतील, तर ‘उठावाचे आकडे’. अल्पदृष्टी रहिवाशांसाठी ठळक रंगातले मोठे आकडे असल्यास तेही त्याच वाक्यात यावेत, कारण त्यांच्यापैकी बहुतेक जण ब्रेल वाचत नाहीत.