साइटवरची जुनी कॅरॅव्हॅन घेतली, दुरुस्ती कुठून सुरू करू?

संत्र्याचा_मळा (वरुड)
मंडळी, एका ठेकेदाराकडून भंगारात निघालेली चाकांवरची खोली उचलली आहे. रस्त्याच्या कामावर इंजिनिअर लोक राहायचे तिच्यात. एकच अ‍ॅक्सल, लोखंडी चेसिस, लाकडी फ्रेम, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. बाहेरून बरी दिसते, पण मागच्या कोपऱ्यात प्लाय काळा पडून फुगलाय आणि दाराशी पाय दिला की खालचा भाग दबतो. बागेत जागलीला वापरायची आहे, रोही आणि डुकरांनी वैताग आणलाय. पोरांना चिखलदऱ्याला न्यायची आहे ते वेगळंच. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर घरी आहे. बायको म्हणते आधी रंग, भाऊ म्हणतो आधी एसी. तुम्ही काय म्हणता?

जुना_गॅरेजवाला (अमरावती)
रंग नाही, एसी नाही. पाणी कुठून शिरतं ते आधी शोधा, नाहीतर नवा प्लायही दोन पावसाळ्यांत जाईल. जिथे डाग दिसतो तिथेच गळती असेल असं धरून चालू नका. पाणी पत्र्याखालून लाकडावर सरकत जातं आणि भलतीकडेच टपकतं.

नळी लावा, पण खालून वर जा. आधी खिडकीची खालची कड, मग वरची, मग कोपऱ्याच्या पट्ट्या, छत सगळ्यात शेवटी. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं पाणी सोडायचं आणि एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही.

जागा सापडली की पट्टी काढा, जुना मसाला पूर्ण खरवडा, ब्यूटाइल टेप (रबरी चिकट पट्टी) लावून पट्टी परत कसा. छताच्या सांध्यांवर पॉलियुरेथेन सीलंट. दुकानदार सिलिकॉनच हातात देईल, घेऊ नका. एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर रंगही धरत नाही आणि दुसरा सीलंटही.

बुडाखाली_उधई (दर्यापूर)
एवढा खटाटोप काहून करता भाऊ? खोकं तोडा, चेसिसवर नवीन अँगल उभे करा, पत्रा ठोका, झालं काम.

जुना_गॅरेजवाला
करता येईल, पण वजन किती वाढेल? या गाड्या लाकूड-अ‍ॅल्युमिनियमच्या असतात त्या हलक्या राहाव्यात म्हणूनच. तोच अ‍ॅक्सल, तेच पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), वर लोखंडी खोकं ठेवलं तर आधी पाटेच बसतील.

बुडाखाली_उधई
हे बरोबर आहे. मंग प्लायचं ऐका. पेचकस टोचून पाहा, भसकन आत गेला म्हणजे ते लाकूड गेलं कामातून. जिथं कडक लागते त्याच्याही पुढे हातभर कापा. नवीन प्लाय घेतानी आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) शिक्का पाहा, दुकानदार ३०३ वाला साधा प्लाय "वॉटरप्रूफच आहे" म्हणून गळ्यात मारते. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, प्लाय कडेतूनच पाणी पेते. अन् वावरात उभी ठेवसान तर जॅकखाली फरशीचे तुकडे ठेवा, खाली काडीकचरा नको. उधई मातीची नळी करून चढते, ते नळी दिसली पाह्यजे.

कमानपाटा (वाडी, नागपूर)
खालच्या भागाचं कोणी बोललंच नाही. टायरवरचा शेवटचा चार आकडी नंबर वाचा. २३०९ असेल तर २००९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर आहे. नक्षी कितीही शाबूत दिसो, बदलायचा. बेअरिंग काढून धुवा, नवं ग्रीस भरा. नट आवळून थोडा मागे घ्या, चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे, मग नवी कॉटर पिन.

चिखलदऱ्याचं मात्र सध्या डोक्यातून काढा. ट्रॅक्टरने वावरातून ओढणं वेगळं आणि परतवाड्याहून घाट वेगळा. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर उतारावर तो ओढणाऱ्या गाडीलाच ढकलतो. शिवाय रस्त्यावर काढायची तर ट्रेलरचीही नोंदणी लागते. कागद आरटीओत आधी दाखवा, पैसे नंतर घाला.

उन्हाळा_चंद्रपूर
एसी कशाला? मे महिन्यात ४५ अंशात पत्र्याची खोली म्हणजे भट्टी, हे खरं. पण आतली लायनिंग निघालीच आहे तर छतात २५ मिमीच्या एक्सपीएस शीट (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या) भरा आणि बाहेरून पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह रंग मारा. (वहिनींचं इथे बरोबर आहे, फक्त क्रम चुकला.) आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरच पुरतो. तो भिंतीला टांगू नका. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो, जुनी फ्रेम वाकेल. जमिनीवर स्टँड ठेवून तोंड खिडकीत द्या आणि पलीकडची खिडकी उघडी ठेवा, हवा बाहेर निघाली नाही तर नुसती चिकचिक होते. पावसाळ्यात पंखा बरा.

गॅस ठेवणार असाल तर सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, म्हणून जाळी अगदी खाली हवी.

संत्र्याचा_मळा
सगळ्यांचे आभार. नळी लावून पाहिलं, पाणी मागच्या खिडकीच्या वरच्या पट्टीतून येतंय, छत कोरडं आहे. तिथेच पत्र्याला छोटं भोकही आहे. घरी लोखंडी रिवेट पडले आहेत, चालतील का?

जुना_गॅरेजवाला
नाही. ओल लागली की लोखंडाभोवतीचा अ‍ॅल्युमिनियम खाल्ला जातो. अ‍ॅल्युमिनियमचेच रिवेट आणा, ठिगळाचा पत्राही अ‍ॅल्युमिनियमचाच, मध्ये सीलंटचा थर. ठिगळाचे कोपरे गोल कापा.